दंड कोणाच्या हाती?

नॉमिक हा नियम बदलण्याचा खेळ आहे. पाळी आली की खेळाडू एक ठराव मांडतो: नवा नियम करा, असलेला बदला किंवा रद्द करा. बाकीचे मत देतात, आणि ठराव संमत झाला की पुढचा डाव त्या नियमाने चालतो. क्रिकेट असो वा कॅरम, दंड किती आणि कशासाठी हे ठरवणारे लोक कुठेतरी लांब बसलेले असतात, त्यामुळे खेळणाऱ्यांची कुरकुर पंचापर्यंत पोहोचून तिथेच थांबते. नॉमिकमध्ये दंडाचा नियम करणारा, मोडणारा, तक्रार करणारा आणि निवाडा देणारा असे सगळे एकाच टेबलाभोवती बसलेले असतात आणि प्रत्येकाला जिंकायचे असते. अशा मंडळींनी एकमेकांसाठी दंड कसे रचावेत, हा या पुस्तकाचा विषय आहे.

खेळ फार जुना नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात अर्लहॅम कॉलेजमध्ये तत्त्वज्ञान शिकवणारे पीटर सूबर यांनी तो तयार केला. जून 1982 मध्ये डग्लस हॉफस्टॅटर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्याची ओळख करून दिली, आणि तो बाहेर पडला. सूबर कायदाही शिकलेले. त्यांच्या डोक्यातला प्रश्न घटनाशास्त्रातला होता: घटनादुरुस्तीची रीत सांगणारे कलम त्याच रीतीने बदलता येते का? त्यावरचे त्यांचे पुस्तक 1990 मध्ये आले आणि नॉमिकचे नियम त्याला परिशिष्ट म्हणून जोडलेले आहेत. आपल्याकडे 1973 मध्ये केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्ती ज्या प्रश्नाशी झगडले, त्याच्याच भाऊबंदांतला हा प्रश्न. फरक इतकाच की तिथला निकाल सात विरुद्ध सहा असा लागला आणि देशाचा इतिहास वळला; इथे फार तर चहा थंड होतो.

सूबर यांच्या मूळ संचात 29 नियम आहेत. 101 ते 116 हे अचल, 201 ते 213 हे चल. अचल नियम आधी एकमताने चल करून घ्यावा लागतो, मगच त्याला हात लावता येतो. ठरावांना 301 पासून क्रमांक मिळतात. पाळीच्या शेवटी फासा टाकायचा, पडतील तितके गुण मिळवायचे, आणि जो आधी 100 गुण गाठेल तो विजयी. मूळ वाक्यात हे गुण ‘धन’ असावेत अशी पुस्ती जोडलेली आहे. म्हणजे माणूस शून्याच्या खाली जाऊ शकतो, हे कर्त्याने आधीच धरलेले होते. खाली नेणारी गोष्ट अर्थातच दंड.

मूळ संचात गुण कापणारा नियम एकच आहे, 206 क्रमांकाचा: ज्याचा ठराव फेटाळला जाईल त्याचे 10 गुण वजा. वाचताना तो निरुपद्रवी वाटतो. वाटेल ते ठराव आणून वेळ खाऊ नका, एवढाच त्याचा हेतू दिसतो. पण तो प्रत्यक्ष टेबलावर कसा चालतो ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे.

ठराव मांडणे ऐच्छिक नाही. पाळी म्हणजेच ठराव. पहिल्या दोन फेऱ्यांत ठराव संमत व्हायला सर्वांचे एकमत लागते. म्हणजे पाच जणांपैकी कोणीही एकाने ‘नाही’ म्हटले की मांडणाऱ्याचे 10 गुण गेले. फाशावर जास्तीत जास्त सहा पडतात, तेव्हा दोन चांगल्या पाळ्यांची कमाई एका नकारात बुडते, आणि नकार देणाऱ्याला त्याची काहीही किंमत मोजावी लागत नाही. मग सगळेच सगळ्यांना पाडत का नाहीत? कारण आज मी तुझा ठराव पाडला तर उद्या तू माझा पाडशील. धाकावर तोललेली ही शांतता बरीच टिकते. टिकत नाही ती दुसऱ्या फेरीतल्या शेवटच्या खेळाडूपाशी. बाकी चौघांच्या पाळ्या उरकलेल्या असतात. त्याची पाळी संपली की नियम आपोआप साध्या बहुमतावर येतो, आणि त्याच्या एकट्याच्या नकाराला पुढे काही अर्थ राहत नाही. वचपा काढण्याची ताकद ज्याच्याकडे उरलेली नाही असा हा एकटाच माणूस. त्याला पाडणे चौघांनाही फुकट पडते. त्याने काय मांडले याचा दंडाशी संबंध नाही; तो शेवटी बसला, एवढाच त्याचा गुन्हा.

सूबर यांना हे दिसले नसेल असे मला वाटत नाही. बहुमताचा काळ सुरू झाल्यावर संमत ठरावाच्या विरोधात मत देणाऱ्यांना 10 गुण द्यावेत, असा 204 क्रमांकाचा नियम त्यांनी शेजारीच ठेवला आहे. हरणाऱ्या अल्पमताला ती भरपाई. भरपाईची आठवण ठेवणारा माणूस 206 चा धोका विसरला असेल हे पटत नाही. खेळाडूंनी तो स्वतः शोधावा आणि दुरुस्त करावा, अशीच त्यांची इच्छा असावी.

या पुस्तकातला सगळा विचार याच खोचेतून निघाला आहे. दंडाचा नियम लिहिताना आपल्या डोळ्यांसमोर नियम मोडणारा उभा असतो: आळशी, लबाड, वेळकाढू. त्याला चाप कसा बसेल, एवढ्याचाच हिशेब आपण करतो. पण नॉमिकमध्ये दंड पटावर आला की तोही एक सोंगटी होतो, आणि ती कोणीही उचलू शकतो. लबाडाला बसणारा चाप लबाडाच्याच हाती गेला तर काय, हा प्रश्न आधी विचारायचा. माझे मत असे की या खेळात नियम मोडणाऱ्याने होणारे नुकसान किरकोळ असते. डाव नासतो तो दंडाचा वापर हत्यारासारखा करणाऱ्यामुळे.

एक साधा मसुदा घेऊ. डाव रेंगाळतो म्हणून कोणी ठराव आणतो: जो खेळाडू आपली पाळी तीन मिनिटांत संपवणार नाही त्याला 10 गुण दंड. सगळे माना डोलावतात. पण पाळीत मतदानही येते, आणि मते इतरांनी द्यायची असतात. मग एखादा चष्मा पुसत बसतो, दुसरा ठराव पुन्हा वाचून दाखवायला सांगतो, तिसरा शंका काढतो. साडेतीन मिनिटे होतात आणि दंड मांडणाऱ्याला बसतो. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. दुरुस्ती म्हणून कोणी सुचवतो की मतदान सुरू झाले की घड्याळ थांबवावे. ठीक. मग ठराव मांडण्याआधीच्या चर्चेचे काय? ती कोणी सुरू केली यावर घड्याळ ठरवावे का? शिवाय तीन मिनिटांनंतर पुढची तीन मिनिटे गेली तर दुसरा दंड बसतो, की गुन्हा एकच? नियम गप्प आहे. आणि घड्याळ कोणाच्या मनगटावर आहे?

यात तक्रार करणाऱ्याला दंडातला निम्मा वाटा देण्याची कल्पना हमखास निघते. ‘तक्रार करायला कोणी पुढे येत नाही’ अशी सबब तिच्यासोबत असते. ती ऐकून घ्यावी आणि सोडून द्यावी. वाटा ठरला की दर पाळीला तक्रारींचा पाऊस पडतो, कारण खोटी निघाली तरी तक्रार फुकट असते. बरे, खोट्या तक्रारीला दंड लावला तर खरी तक्रारही कोणी करत नाही. मधला मार्ग या पुस्तकातल्या मसुद्यांत आहे: दंडाचे गुण कोणाच्याच खात्यात जाऊ नयेत, आणि एका फेरीत एका खेळाडूने एकच तक्रार करावी. हा मार्ग निर्दोष नाही. पण दंडावर कोणाची कमाई होत नाही असे ठरले की तक्रारींचा सूर लगेच बदलतो, हे खेळून पाहणाऱ्याला चटकन कळेल.

कोणत्या चलनात दंड घ्यायचा, यावर लोक सहसा विचारच करत नाहीत. इस्रायलमधल्या हैफा शहरात उरी नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी दहा पाळणाघरांत एक प्रयोग केला. तो 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला पालक उशिरा येत. सहा पाळणाघरांनी दहा मिनिटांहून जास्त उशिराला दहा शेकेल दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी वाढत गेला आणि जवळजवळ दुपटीवर पोहोचला. आधी पालकांना शिक्षिकेसमोर ओशाळे व्हावे लागे. आता ते दहा शेकेल देऊन मोकळे होत. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर उतरला नाही. दंडाचा असा दर झाला की नियम मोडणे ही खरेदी ठरते, आणि खरेदीत लाज कसली?

याच्या उलट गोष्ट क्रिकेटमधली. डिसेंबर 2020 मध्ये मेलबर्नच्या कसोटीत अजिंक्य रहाणेने शतक काढले आणि भारताने आठ गडी राखून सामना जिंकला, ते मराठी वाचकाला आठवत असेल. त्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाची षटकांची गती दोन षटकांनी कमी पडली. खेळाडूंचे 40 टक्के मानधन कापले गेले; असली कपात वर्षानुवर्षे होत आली आहे आणि तिने षटके काही लवकर पडू लागली नव्हती. पण या वेळी जागतिक कसोटी स्पर्धेच्या खात्यातून चार गुणही गेले. स्पर्धेच्या शेवटी न्यूझीलंड 70 टक्क्यांवर होते, ऑस्ट्रेलिया 69.2 वर. ते चार गुण असते तर दोघांची बरोबरी झाली असती. अंतिम सामना भारत आणि न्यूझीलंड यांच्यात झाला. पुढे टी-20 सामन्यांत तर वेळ चुकवणाऱ्या संघाला उरलेल्या षटकांत सीमारेषेकडचा एक क्षेत्ररक्षक आत आणावा लागतो, असा नियम जानेवारी 2022 पासून आला. खिशातल्या पैशापेक्षा मैदानातला एक माणूस कर्णधाराला जास्त बोचतो. ज्या गोष्टीसाठी लोक खेळत आहेत त्याच चलनात घेतलेला दंड लागतो.

नॉमिकमध्ये गुणांचे चलन आहेच, तेव्हा प्रश्न मिटला असे कोणी म्हणेल. मिटत नाही. जो खेळाडू उणे 60 वर पोहोचला आहे त्याला आणखी 10 गुणांची भीती कसली? तो वाटेल ते करायला मोकळा होतो, आणि आघाडीवरचे लोक त्याला पुढे करून आपली कामे साधतात. म्हणून दंडाला तळ हवा, आणि तळाला पोहोचलेल्याला वर यायला शिडीही हवी. हा भाग नव्या खेळाडूंना पटवणे अवघड जाते. शिक्षा संपण्याचा नियम लिहिताना त्यांना आपण लेचेपेचे झालो असे वाटते.

सूबर यांच्या अचल नियमांतला 113 वा मला सगळ्यांत शहाणा वाटतो. त्याचा आशय असा: दंड सोसण्याऐवजी डाव सोडून देण्याचा हक्क खेळाडूला कायम आहे, आणि डाव हरण्यापेक्षा वाईट असा कोणताही दंड लावता येणार नाही. वाईट म्हणजे काय हे ठरवायचे कोणी? ज्याला दंड बसणार त्याने. या शेवटच्या तुकड्यात सगळे आले. बहुमताने ‘हरणाऱ्याने महिनाभर सर्वांना जेवण द्यावे’ असा नियम केला तरी ज्याला तो नको आहे तो ‘मी हरलो’ म्हणून उठू शकतो. दंडाची कमाल मर्यादा आकड्यात बांधण्यापेक्षा ही रीत कितीतरी भक्कम आहे, कारण आकडा बहुमत बदलू शकते. उठून जाणारे पाय ते बांधू शकत नाही. खऱ्या राज्यात नागरिकाला अशी मोकळीक नसते, आणि म्हणूनच तिथे दंडाभोवती इतकी कुंपणे घालावी लागतात. आपल्या राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदात त्यांतली तीन आहेत: कृत्य घडले तेव्हा जो गुन्हा नव्हता त्याला शिक्षा नाही, एकाच गुन्ह्याबद्दल दोनदा शिक्षा नाही, स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही. पहिले कुंपण सूबर यांनीही घातले आहे; नियमबदल मागच्या तारखेने लागू होत नाही, हे त्यांच्याकडे अचल नियमांत येते. दुसरे त्यांनी खेळाडूंवर सोडले. वर घड्याळाच्या गोष्टीत तेच अडले होते.

निवाड्याचे काय? मूळ खेळात वाद झाला की ज्याची पाळी चालू आहे त्याच्या आधीचा खेळाडू न्यायाधीश होतो. त्याचा निकाल उलटवायला बाकी सर्वांचे एकमत लागते, आणि नियम संदिग्ध असेल तिथे त्याने खेळाची रूढी आणि खेळाचा भाव पाहावा असे सांगितले आहे. न्यायाधीश फिरता असल्यामुळे कोणाची गादी बसत नाही, हा फायदा. पण तो स्वतःही खेळाडू असतो, आणि ज्याचा निवाडा करायचा तो कदाचित त्याच्याहून चार गुणांनी पुढे असतो. पुढच्या मसुद्यांत एक छोटी तरतूद वारंवार दिसेल: निकालामुळे ज्याचा क्रमांक वर सरकेल त्याने निवाडा करू नये. चार-पाच जणांच्या डावात कधी कधी असा लाभ नसलेला एकही माणूस सापडत नाही. तेव्हा चिठ्ठी टाकावी.

ईमेलवरून खेळला जाणारा ‘अगोरा’ हा नॉमिक 1993 पासून चालू आहे, आणि दंडाचा इतका दीर्घ अनुभव दुसऱ्या कोणत्या डावाला असेल असे वाटत नाही. तिथल्या लोकांनी एक भेद फार काटेकोरपणे पाळला: एखादी गोष्ट करताच येत नाही हे निराळे, आणि करता येते पण करू नये हे निराळे. पहिल्या प्रकारात चाल मुळातच रद्द; दंडाचा प्रश्नच येत नाही. दुसऱ्यात चाल ग्राह्य धरतात आणि करणाऱ्याला दंड होतो. नवशिक्या डावांत निम्मी भांडणे हे दोन्ही एकत्र केल्याने होतात. नियमबाह्य मत दिले तर ते मत मोजायचे का, हे आधी सांगा. शिक्षेचे नंतर पाहू. शक्य तिथे दंडाऐवजी अशक्यतेने काम भागवावे, सुंठीवाचून खोकला जातो.

अगोरात एका काळात दंड म्हणजे खेळाडूच्या नावावर पडणारे ‘डाग’ असत. तपास करणारा अधिकारी ठरवी तेव्हा त्यांतले काही डाग माफीपत्राने धुता येत. माफीपत्र निदान 200 शब्दांचे हवे, त्यात चूक, लाज, पश्चात्ताप आणि सुधारण्याची तळमळ असावी, आणि तपास अधिकाऱ्याने दिलेले जास्तीत जास्त दहा शब्द त्यात आलेच पाहिजेत. शब्द कसले द्यायचे हे त्याच्या मर्जीवर. ही नुसती गंमत नाही. दंड भोगायला वेळ आणि डोके खर्च होते, म्हणून तो पाळणाघरातल्या दहा शेकेलसारखा खिशातून काढून फेकता येत नाही. शिवाय तो वाचून सगळे हसतात आणि हिशेब तिथेच मिटतो. दंड भोगून झाल्यावर माणूस पुन्हा खेळायला बसला पाहिजे, ही कसोटी मला गुणांच्या कोणत्याही कोष्टकापेक्षा महत्त्वाची वाटते.

अपवादांबद्दल थोडेसे. आपल्या पोरांच्या खेळात लिंबूटिंबू असतो: खेळतो, पळतो, पण बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. नव्या खेळाडूला पहिल्या फेरीत दंड नको, हा नियम त्याच चालीचा आणि तो ठेवावाच. मात्र लिंबूटिंबूच्या हातून मोठ्यांनी आपले डाव साधू नयेत म्हणून त्याचा ठराव चालेल, पण त्याच्या मताने कोणाला दंड बसणार नाही, अशी जोड द्यावी. गल्लीतल्या मुलांना हे सांगावे लागत नाही. लिंबूटिंबूने कोणाला बाद केले तर ते तिथेही धरत नाहीत.

पुढच्या भागांत मूळ नियमांचा परिचय, दंडाचे मसुदे आणि प्रत्येक मसुदा कसा वाकवता येतो याचे नमुने आहेत. काही मसुदे मला पटलेले नाहीत. विशेषतः वारंवार चुकणाऱ्याला चढत्या श्रेणीने दंड लावणारा मसुदा कागदावर देखणा दिसतो. पण तक्रार कोणाची होते हे जिथे दोस्तीवर ठरते तिथे तो एकाच माणसाला चिरडायला पुरेसा आहे. तो वाचकाने स्वतः वापरून पाहावा.

वाचकाला विनंती एवढीच की हे पुस्तक एकट्याने वाचून संपवू नये. निदान पाच जण जमवा, तिघांत खेळू नका; तिघांत दोघांचे बहुमत होते आणि तिसऱ्याला 113 व्या नियमाखेरीज आधार उरत नाही. पहिल्या दोन फेऱ्या मूळ नियमांनीच खेळा. दंडाचा पहिला ठराव त्या खेळाडूने मांडावा, जो त्या वेळी सर्वांत पुढे असेल.